नीलम पाहावा तो खिडकीच्या उजेडात

गेल्या आठवड्यात एका स्नेह्यांनी पेढीवरून जांगड आणलेला नीलम माझ्यापुढे ठेवला. दुकानातील प्रखर दिव्यांखाली ज्याने डोळे दिपवले, तोच खडा घरच्या पिवळ्या बल्बखाली काळपट दिसू लागल्याने, आपणांस नकली माल दिला गेला की काय, या शंकेने ते हवालदिल झाले होते.

खडा अस्सल होता. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्या किरणांचे प्रमाण अल्प असल्यामुळे नीलम मलूल होतो, आणि तांबडे किरण विपुल असल्यामुळे माणिक मात्र खुलते. म्हणूनच जुने जवाहिरे उत्तरेकडील खिडकीपाशी बसून पारख करीत.

खरी उणीव होती ती घडणीत. नीलमाचा अपवर्तनांक सुमारे १.७७ असल्याने, खालच्या पैलूवर लंबाशी ३४ अंशांहून अधिक कोन करून पडणारा किरणच संपूर्ण परावर्तित होतो. चपट्या कच्च्या खड्यातून मोठा तोंडवळा साधण्याच्या मोहाने तळ उथळ ठेवला, की मधोमध प्रकाश आरपार निसटतो. हा नीलम वर्तमानपत्रावर ठेवताच मध्यभागातून छापील अक्षरे स्वच्छ दिसली, कडेला मात्र गडद निळाई होती.

अशा खड्याला कॅरटमागे पूर्ण भाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. छायाचित्रे मात्र दिवसाच्या उजेडात, दिवे मालवून घेतलेली असावीत.