न आलेल्या न्हाणाची चौकशी

सोळावे वर्ष सरले तरी मुलीला न्हाण आले नाही, म्हणजे वाशीम, रिसोड, मानोरा या बाजूच्या घरांतून बहुधा देवाला नवस बोलला जातो, नाही तर लग्न झाले की सारे मार्गी लागेल अशी समजूत काढली जाते, आणि दवाखाना गाठलाच तर पाळी आणणाऱ्या गोळ्या लिहून घेतल्या जातात. पाळी मुळात का आली नाही, याची चौकशी मात्र राहून जाते.

वास्तविक दर साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीच्या बाबतीत, ती आईच्या उदरात असतानाच, गर्भाशय व योनीचा वरचा भाग ज्या नलिकांपासून घडावयाचे त्यांची वाढ खुंटते. चार युरोपीय वैद्यांच्या आद्याक्षरांवरून या विकृतीला 'एमआरकेएच' म्हणतात. २०११च्या खानेसुमारीप्रमाणे वाशीम जिल्ह्याची वस्ती सुमारे बारा लक्ष; त्यातील स्त्रियांचा हिशेब मांडला, तर अशा शंभराहून अधिक स्त्रिया या एका जिल्ह्यात असाव्यात. त्यांचे बीजकोश शाबूत असल्यामुळे अंगलट इतर मुलींसारखीच भरते आणि कोणालाही शंका येत नाही. पोटाची सोनोग्राफी, लागल्यास एमआरआय, आणि गुणसूत्रांची तपासणी एवढ्याने निदान होते. गुणसूत्रे पाहणे अगत्याचे, कारण पुरुषी गुणसूत्रे असूनही पुरुषी संप्रेरकांना दाद न देणारे शरीर बाहेरून असेच दिसते आणि त्याची चिकित्सा सर्वस्वी निराळी असते. मूत्रपिंडेही पाहून घ्यावीत. एमआरकेएच असलेल्या कित्येकींना एकच असते.

१८ मे २०१७ रोजी पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः गर्भाशय नसलेल्या सोलापूरच्या एका तरुणीला तिच्याच आईचे गर्भाशय बसविले. भारतातील हे पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण. स्वीडनमध्ये अशा गर्भाशयातून पहिले मूल २०१४ साली जन्मले होते. पुण्यात तो योग ऑक्टोबर २०१८मध्ये आला. जिच्या उदरात आपण वाढलो तिच्याच गर्भाशयात आपले मूल वाढावे, ही घटना वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापली, आणि ते यथायोग्यच होते; तथापि परके इंद्रिय शरीराने नाकारू नये म्हणून गर्भारपणातही औषधे चालू ठेवावी लागतात, प्रसूती शस्त्रक्रियेनेच करावी लागते, आणि एकदोन अपत्यांनंतर ते गर्भाशय काढून टाकण्याचा शिरस्ता आहे. सोयाबीनच्या पिकावर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला त्याहून जवळचा मार्ग २०२१च्या सरोगसी कायद्याने ठेवला आहे, जरी त्यासाठी जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला व न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम मिळवावा लागतो आणि गर्भ धारण करणाऱ्या स्त्रीला मोबदला देता येत नाही. दोन्ही मार्गांत स्त्रीबीज तिचे स्वतःचेच असू शकते. पण ही गोष्ट निदानच न झालेल्या मुलीला सांगणार कोण?

पुण्यात २०१८ साली प्रसूत झालेली स्त्री मात्र गुजरातची होती, आणि तिचे गर्भाशय जन्मतः नसलेले नव्हे, तर आतील भिंती एकमेकींना चिकटून निकामी झालेले होते. ही अवस्था गर्भपातानंतरच्या खरवडण्याने येते, तशी आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयानेही येते. फुप्फुसातून रक्तावाटे उतरलेला हा क्षय खोकला वा ताप न देता बीजवाहिन्या बंद करतो. पाळीचा स्राव महिन्यामहिन्याला कमी होत जाणे एवढीच कित्येकदा खूण असते, आणि ती सांगावयास बाई लाजते. वेळीच अस्तराचा नमुना तपासला, तर क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि चिकटलेल्या भिंती दुर्बिणीतून सोडविता येतात. अस्तर पुरते जळाल्यावर मात्र त्याच औषधांनी क्षय बरा होतो, गर्भ राहत नाही.