अर्धा किलो हवेवर उभी गाडी

लोणंदच्या बाजारातून कांदा भरून निघालेल्या दहा चाकी ट्रकचं एकूण वजन नियमानं 28.5 टनांपर्यंत चालतं. टायरमध्ये 110 पीएसआय हवा धरली, तर एकाच टायरची एक बाजू आतून बाहेर ढकलणारा जोर 40 टनांच्या वर जातो. भरलेल्या अख्ख्या ट्रकच्या वजनाहून जास्त! ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना त्याच्यासमोर उभं राहू नये, ते यासाठी.

कारचे आकडे लहान, पण डोकं तेही गरगरवतात. गाडी 1200 किलोची, हवा 32. वजनाला दाबानं भागलं की चारही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा निघते सुमारे 530 चौरस सेंटीमीटर. ए-फोर कागद याहून मोठा असतो. खंबाटकीचं वळण, पावसातला ब्रेक, मागच्या सीटवरची पोरं, सगळी भिस्त तेवढ्या रबरावर. आणि गाडी तोलून धरणारी चारही टायरमधली हवा वजनात भरते जेमतेम अर्धा किलो.

लोणंदहून पुणं सुमारे 75 किलोमीटर. तेवढ्यात टायरचे 40 हजार फेरे होतात. ताशी 100 च्या वेगात सेकंदाला 15 फेरे, आणि दर फेऱ्याला रबराचा प्रत्येक भाग एकदा दबून पुन्हा सरळ होतो. नक्षीत अडकलेला 10 ग्रॅमचा खडा त्या वेगात अडीच किलोच्या जोरानं बाहेर ओढ घेतो. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. कायद्यानं ती 1.6 च्या खाली जाता कामा नये. ही झीज 40 हजार किलोमीटरमध्ये झाली असं धरलं, तर एका फेऱ्यात निघतो फक्त एक-दोन अणूंच्या जाडीचा थर. फेरे मात्र दोन कोटींच्या वर.

म्हणूनच आपल्याकडची एक समजूत मला फार काळजीची वाटते: उन्हात हवा वाढते, तर मे महिन्यात ती कमीच ठेवावी. हवा वाढते हे खरं. डिसेंबरच्या पहाटेचे 12 अंश आणि मे महिन्यातले 40, यांत साधारण चार पीएसआयचा फरक पडतो. पण कारच्या टायरवर कमाल दाब बहुधा 44 किंवा 51 लिहिलेला असतो. चार-पाचची वाढ तो सहज पचवतो. त्याला पचत नाही ती कमी हवा. 32 ऐवजी 24 ठेवली, की जमिनीला टेकणारा भाग तिसऱ्या हिश्शानं वाढतो, टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, रबर आतून तापतं आणि थर सुटू लागतात.

समृद्धी महामार्गावर हा हिशोब आणखी कडक होतो. 701 किलोमीटर म्हणजे पावणेचार लाख फेरे, आणि 120 च्या वेगात सेकंदाला 18. तिथं आरटीओनं टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या मागं फिरवल्या, ते योग्यच केलं.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते. डोळ्यांना ते कळत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, तेव्हा सकाळी गाडी हलवण्याआधी गेज लावा. लांबून आल्यावर आकडा वाढलेला दिसला, तर हवा सोडू नका. आणि स्टेपनीही मोजा.