स्मृतिभ्रंश आणि शहाणें घर

दुपारचें जेवण आटोपून आजोबा हात पुसतात न पुसतात तोंच "मला आज कोणीं जेवावयास वाढलेंच नाहीं," अशी तक्रार करूं लागतात. मुलें हंसतात, वडील माणसें चिडतात, आणि 'म्हातारचळ लागला' असें म्हणून सारीं आपापल्या कामास लागतात. परंतु हा चळ नव्हे. हा मेंदूचा विकार होय. १९०६ सालीं आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूंत झालेले फेरबदल वर्णन केले, आणि या विकाराच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारास पुढें त्याचेंच नांव मिळालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत ५ कोटि ७० लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें ग्रस्त होते.

या विकारांत बहुधा जुन्या आठवणी दीर्घकाळ टिकतात. नव्या गोष्टी मात्र मनांत ठसत नाहींत. म्हणून आजोबांस बाळपणींचे गुरुजी आठवतात, पण आपण आतांच गॅस पेटता ठेविला हें आठवत नाहीं. ही उणीव कांहीं अंशीं भरून काढण्यासाठीं हल्लीं घरांतच यंत्रांची योजना करितां येते. अशा घरास 'स्मार्ट होम' म्हणतात. आपण त्यास शहाणें घर म्हणूं.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. दाराच्या चौकटीस एक लहान कळ व कवाडास लोहचुंबक बसवितात. दार उघडतांच चुंबक दूर जातो, कळ सुटते आणि मुलाच्या मोबाइलवर सूचना जाते. भिंतीवरील दुसरें उपकरण मनुष्याच्या शरीरांतून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण ओळखतें. रात्रीं आजोबा उठून चालूं लागले कीं न्हाणीघरापर्यंतचे दिवे आपोआप लागतात, व अंधारांत पडण्याचें भय कमी होतें. गॅस सुटल्याचें ध्यानांत येतांच एक झडप त्याची वाट बंद करिते. औषधांची पेटी ठरल्या वेळीं वाजते व त्या वेळेचाच कप्पा पुढें करिते.

इंग्लंडांत ग्लॉस्टर येथें या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत असें एक घर प्रयोगादाखल सज्ज केलें होतें. त्यामागील तत्त्व ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: प्रेमळ सोबती जें करील तेंच यंत्रानें करावें. शेगडी चालू राहिली तर आधीं आठवण द्यावी. ती व्यर्थ गेली तरच यंत्रानें स्वतः ती बंद करावी. मनुष्यास जें करितां येतें तें त्याच्या हातून काढून घेऊं नये.

येथेंच खरी कसोटी आहे. दारावरचें तेंच उपकरण राखणदार होऊं शकतें आणि तुरुंगाधिकारीहि. म्हणून विकाराच्या आरंभीं, आजोबांस समजत असतांनाच, त्यांची संमति घ्यावी. खोलींत चोरून कॅमेरा ठेवणें हें रक्षण नव्हे, अपमान होय. शिवाय वीज गेली कीं शहाणें घरहि मुकें होतें, हें विसरूं नये.

विद्यार्थीमित्रहो, आजोबा बाहेर पडले एवढें यंत्र सांगेल. त्यांच्या मागें धांवत जाणें, हात धरून गोड बोलून परत आणणें आणि तीच गोष्ट दहाव्यानें ऐकूनहि न हंसणें, हें काम आपलें आहे. आईबापांचा मान राखण्याची पांचवी आज्ञा, त्यांस आपलें नांव आठवेनासें झालें म्हणून संपत नाहीं.