हात सैल, पाय घट्ट

प्रौढ माणसाच्या शरीरात सहसा २०६ हाडे असतात. त्यांपैकी १२६ हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या दोन मेखलांची. प्रत्येक हातात ३० हाडे, प्रत्येक पायातही ३०. आराखडा जवळजवळ तोच: वर एक लांब हाड, खाली दोन, मग बारीक हाडांचा जुडगा आणि शेवटी बोटे. तरी हात नि पाय निराळे वागतात, आणि त्याचे बरेचसे मूळ मेखलांत आहे.

स्कंधमेखलेत दोन्ही बाजूंना मिळून चार हाडे: गळ्याखाली आडवे जत्रुक आणि पाठीवरचे तिकोनी खांद्याचे पाते. हे पाते फासळ्यांना सांधलेलेच नसते. स्नायूंच्या आधाराने ते त्यांच्यावरून सरकते. सबंध हाताचा धडाशी हाडाला हाड भिडणारा सांधा एकच, जत्रुक छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथला. पात्यावरची खोबण इतकी उथळ की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जेमतेम टेकतो. त्यामुळे हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो. आणि मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त निखळतो. पडताना हात टेकला की धक्का जत्रुकातून धडाकडे जातो, म्हणून तेही वारंवार मोडते. गर्भात सर्वांत आधी हाड होऊ लागणारे हेच, पण त्याचे आतले टोक पूर्ण जुळायला पंचविशी उजाडते.

कोपराखाली अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडाभोवती फिरते. तळहात पालथा करता येतो तो त्यामुळेच. मनगटात आठ, तळहातात पाच, बोटांत चौदा हाडे.

श्रोणिमेखलेला असले स्वातंत्र्य परवडणारे नाही. तिची दोन हाडे मागे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीला आणि पुढे एकमेकांना घट्ट बांधलेली. प्रत्येक हाड लहानपणी तीन भागांचे असते. किशोरवयात ते भाग खुब्याच्या खोल खोबणीत एकजीव होतात. स्त्रियांत ही मेखला रुंद असते, बाळंतपणासाठी.

मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब, उंचीच्या सुमारे पाव. ते आत तिरके उतरते, म्हणून चालताना पाऊल धडाखाली पडते. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लूसी’ या मानवसदृश मादीच्या सांगाड्यातही हा तिरकेपणा आहे, ती दोन पायांवर चालत होती, याचा हा एक भक्कम पुरावा.

गुडघ्याची वाटी जन्मतः नुसती कूर्चा असते. खाली बहुतेक भार नडगीचे हाड पेलते. शेजारच्या बारीक हाडावर तो इतका थोडा येतो की, कर्करोगामुळे काढलेला जबडा नव्याने घडवायला शल्यविशारद त्याचाच तुकडा घेतात.

घोटा धरून पावलाच्या मागच्या भागात सात हाडे, पुढे पाच, बोटांत पुन्हा चौदा. पायाचा अंगठा मात्र हाताच्या अंगठ्यासारखा इतर बोटांसमोर येत नाही. तो त्यांच्याच रांगेत राहतो आणि पाऊल उचलताना शेवटचा रेटा देतो.