दारातला जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा की विकावा?



तुमच्या गोठ्याशेजारी लिंबाच्या सावलीत एखादा जुना ट्रॅक्टर उभा असेल. सुगीपर्यंत बरा चालला. मग एक दिवस धूर ओकू लागला, नांगराला ताकद पुरेना, किंवा सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरीच बसली. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. थोरले म्हणतात, "इंजिनचे काम करून घेऊ, अजून दहा वर्षे ओढेल." धाकटे म्हणतात, "विका ते लोखंड, बँकेचे कर्ज काढून नवा आणू." दोघेही बोलतात ते अंदाजाने. ट्रॅक्टरला नेमके काय झाले आहे, हे कोणीच पाहिलेले नसते.

आमच्या घरी हेच झाले होते, म्हणून आधी ते सांगतो. आमच्याकडे इंटरनॅशनल बी-२७५ होता, वडिलांनी जुनाच घेतलेला. १९९६ सालच्या सप्टेंबरात मूग-उडदाची मळणी उरकली आणि ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागला. ज्वारीच्या पेरणीआधीची पाळी घालताना चढाला दम तोडू लागला. तालुक्याचा एक फिटर आला. त्याने सायलेन्सरची काजळी बोटावर घेऊन पाहिली आणि सांगितले, "लायनर-पिस्टन गेले. खोलावा लागेल." आम्ही खोलू दिला. ब्लॉक बोअरिंगच्या दुकानात नेला, तिथे माप घेतले, तर लायनर अजून चालण्याजोगे निघाले. पण खोललेच आहे म्हणून रिंगा, गॅस्केट, बेअरिंग सगळे नवे घातले. परत जोडताना हवेच्या फिल्टरचे भांडे उघडले. त्यात ऑईल नव्हते, भुसकट आणि धुळीचा चिखल होता. इंजिनला श्वासच मिळत नव्हता! आई म्हणाली, "मळणी झाल्यापासूनच तो काळा ओकत होता की. मी तेव्हाच सांगत होते." तिचे कोणी ऐकले नव्हते. त्या कामापायी दावणीची दोन खिलार खोंडे विकावी लागली, आणि वाफसा गेल्यावर पेरलेल्या ज्वारीने त्या साली नुसता कडबा दिला, तोही निम्मा.

आधी ओळख पटवा

आपला ट्रॅक्टर कोणता, हे रंगावरून सांगू नका. जुन्या ट्रॅक्टरचा रंग दोनदा बदललेला असतो आणि बॉनेट भलत्याचेच असू शकते. कंपनीची पत्र्याची पाटी असेल तर ती ओल्या फडक्याने पुसून वाचा. ती गेली असेल तर नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्या मोजा. जितक्या नळ्या तितके सिलिंडर. एच. एम. टी. २५११ आणि स्वराज ७२४ हे दोन सिलिंडरचे, मॅसी फर्ग्युसन १०३५ तीनचा, इंटरनॅशनल बी-२७५ चारचा. एवढ्यावरूनही निम्मी ओळख पटते.

मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधा. गंज आणि ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासा. आकडे कागदावर उमटतात. हा कागद आर. सी. बुकाशी ताडून पाहा. इंजिन कधीकाळी बदललेले असेल आणि त्याची नोंद बुकात नसेल, तर ते विकताना कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. बुकाची मुदतही पाहून घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंद १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. कर्ज फिटले तरी बुकावर बँकेचा बोजा तसाच राहिलेली घरे कितीतरी आहेत.

ही ओळख सुटे भाग मिळण्यासाठी लागते. एच. एम. टी.चे ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने बनू लागले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. उलट दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत ज्याचा आराखडा झाला आणि जो १९७४ साली मोहालीहून बाजारात आला, त्या स्वराजची कंपनी आज महिंद्राकडे आहे आणि कारखाना चालू आहे. तेव्हा दुरुस्तीचा विचार करण्याआधी नंबरांचा कागद घेऊन तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि एवढेच विचारा : याचा लायनर-पिस्टनचा संच, क्लच प्लेट आणि गेअरबॉक्सचे दात मिळतील का, आणि किती दिवसांत? दुकानदाराने डोके खाजवले तर ते उत्तरच समजा.

धूर आणि ऑईल काय सांगतात

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवेचा फिल्टर पाहा, मग नोझल तपासून घ्या, पंपाची पाळी त्यानंतर. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे; इथे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजल्याचा संशय रास्त आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, त्याला भिऊ नका. पण इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा कुठे तडा आहे.

ऑईलची पट्टी रोज पाहणारे घर सुखी. ऑईल चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. त्या क्षणी ट्रॅक्टर बंद करा, शेतापर्यंतही नेऊ नका. ऑईल न घालताच पातळी वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर बहुधा डिझेल चढवणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा फाटलेला असतो. तो भाग स्वस्त आहे. पण तसेच चालवले तर पातळ ऑईलने क्रँकची बेअरिंगे जातात, आणि ती स्वस्त नाहीत.

इंजिन झिजले की नाही याची घरगुती परीक्षा सोपी आहे. इंजिन चांगले गरम होऊ द्या, मंद चालू ठेवा आणि ऑईल भरण्याचे झाकण काढा. थोडी वाफ येणारच. पण भात्यासारखे फक-फक वारे येत असेल तर दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे. दुसरी परीक्षा रेडिएटरची. इंजिन थंड असताना झाकण काढा, चालू करा आणि पाण्यात पाहा. सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केटकडे बोट दाखवा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही काढू नये. उकळत्या पाण्याचा फवारा थेट तोंडावर येतो.

सकाळी चालू होत नाही, धावता धावता बंद पडतो, या तक्रारीत इंजिनचा दोष फार कमी वेळा असतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली आहे का, टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले आहे का, काचेच्या वाटीत पाणी साचले आहे का, नळीच्या जोडात हवा धरली आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो आणि खर्च काही नाही.

उभ्या ट्रॅक्टरचीही निगा लागते

चालत्या ट्रॅक्टरची निगा बहुतेकांना माहीत असते : पुस्तकात दिलेल्या तासांना ऑईल आणि फिल्टर बदलणे, निपलना ग्रीस मारणे, पंख्याचा पट्टा ताणणे. मळणीच्या दिवसांत हवेच्या फिल्टरचे भांडे मात्र रोज उघडा, हे मी खोंडे विकून शिकलो आहे. भांड्यात ऑईल खुणेपर्यंतच घाला, जास्त नको. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवा. अर्धी रिकामी ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आत दव धरते आणि तेच पाणी पंपात जाते.

नुकसान जास्त होते ते ट्रॅक्टर उभा असताना. उघड्या सायलेन्सरमधून पावसाचे पाणी आत उतरते, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा गंजून धरतात. त्यासाठी सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घाला. चालू करण्याआधी तो काढायचा मात्र विसरू नका, नाहीतर डबा पत्र्यावर जाऊन पडतो आणि शेजारी वर्षभर हसतात. पावसाळाभर उभा ठेवायचा असेल तर क्लचचे पायडल दाबून लाकडाचा ठोकळा लावा, म्हणजे प्लेट चिकटत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा. उंदरांना वायरीचे वेष्टण फार आवडते, तेव्हा बॉनेटखाली अधूनमधून नजर टाका.

वर्ष-दोन वर्षे बंद असलेला ट्रॅक्टर थेट सेल्फ मारून चालू करू नका. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडा, एक दिवस मुरू द्या आणि इंजिन आधी हाताने फिरवून पाहा. आत पाणी असेल तर ते नोझलच्या भोकातून बाहेर येईल. नोझल न काढता सेल्फ मारला तर त्याच पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि घरातल्या बायाबापड्यांसाठी एक सांगणे. मळणी यंत्राला जोडलेला फिरता दांडा उघडा ठेवू देऊ नका. त्याचे संरक्षक आवरण काढून फेकलेले असेल तर नवे बसवून घ्या. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, काहीही त्यात पळभरात ओढले जाते.

हिशेब मांडा

समजा, तपासून झाले आणि इंजिनचे काम खरोखरच निघाले. फिटरला तीन अटी घाला. लायनर आणि क्रँकचे माप तुमच्यासमोर घ्यायचे, खर्चाचा अंदाज कागदावर लिहून द्यायचा, आणि काढलेले जुने भाग परत द्यायचे. चांगला फिटर याला कधी नाही म्हणत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून खूश होतो. क्रँकचे माप विशेष विचारा. क्रँक घासला की दहा, वीस, तीस अशा मापाची बेअरिंगे पडतात. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. तुमचा क्रँक आधीच शेवटच्या मापाला आला असेल, तर पुढच्या वेळी घासायला लोखंड उरत नाही.

आता वही घ्या. ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालतो, ते खरेखरे लिहा. समजा, कामाला ८० हजार रुपये लागतात, ट्रॅक्टर वर्षाला २०० तास चालतो आणि काम पाच वर्षे टिकते. म्हणजे एक हजार तासांना ८० हजार, तासाला ८० रुपये. नवा समजा ७ लाखांचा, आणि पाच वर्षांत त्याची निम्मी किंमत उतरली, तर त्याच एक हजार तासांना साडेतीन लाख, तासाला ३५० रुपये. व्याज त्याहून वेगळे. डिझेल आणि ड्रायव्हर दोन्हीकडे आहेच. पण तुमची जमीन थोडी असेल आणि ट्रॅक्टर वर्षाला ५० तासच चालत असेल, तर तीच दुरुस्ती तासाला ३२० रुपयांना पडते. तेव्हा गावातला भाड्याचा दर शेजारी लिहा. त्या दरात डिझेल आणि ड्रायव्हर धरलेला असतो, हे ध्यानात ठेवा. आकडे माझे नकोत, तुमच्या गावचे घाला.

नुसते इंजिन गेले असेल आणि बाकी गाडी धड असेल, तर माझा कौल दुरुस्तीला आहे. गेअरबॉक्सचे ऑईल काढल्यावर त्यात लोखंडाचा चुरा चमकला, गेअर आपोआप निसटू लागला आणि इंजिनही गेले, तर मात्र हात आवरा. ब्लॉकला तडा, कागद बेपत्ता, भाग मिळत नाहीत, यांतली दोन कारणे जमली की भावना बाजूला ठेवा. वडिलांनी घेतलेला म्हणून जीव तुटतो, हे मला समजते.

आमचा बी-२७५ त्यानंतर पंधरा वर्षे चालला. २०११ साली गेअरबॉक्समधला पिनियन तुटला, तेव्हा क्रँक शेवटच्या मापाला होता आणि नोंदीची मुदतही संपत आली होती. आईने वहीतले तास वाचून दाखवले. वर्षाला साठ भरत होते, कारण निम्मे रान एव्हाना डाळिंबाखाली गेले होते. ट्रॅक्टर भंगारात द्यायचे ठरले. गाडी नेणारा त्याच दिवशी रोख द्यायला तयार होता, पण आम्ही त्याला थांबवले. आधी आर. टी. ओ. कार्यालयात अर्ज करून बुक जमा केले आणि नोंद रद्द करून घेतली. नोंद तशीच राहिली असती, तर त्या नंबरवर पुढे कुठे काही घडले असते तरी विचारणा आमच्याच दारात आली असती. नोंद रद्द झाल्याच्या कागदाची प्रत आई वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवून आहे.