पोट घट्ट होतं तेव्हा

एमआरआयच्या टेबलावर गरोदर बाई आली की मी आधी तिला डाव्या कुशीवर वळवते, पाठीशी उशी लावते. उताणं झोपलं तर भरलेल्या गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही आम्ही टाळतो. घरी मी मराठी बोलते, हुबळीतल्या या खोलीत कानडी. इथे एक वाक्य मी नेहमी ऐकते : 'अक्का, होट्टी गट्टी आगतद.' पोट दगडासारखं होतंय.

पूर्वी मी एवढंच सांगायचे, हलू नका. आता घड्याळ बघून वेळ टिपते. ते का करायचं, हे मला नवलगुंदकडच्या एका बाईमुळे कळलं. दोन सिझर झालेली, वार खाली. ती जुन्या व्रणात रुतली आहे का, हे सोनोग्राफीत नीट कळेना. पहिल्या चित्रांत पिशवीची भिंत एका जागी जाड, आत फुगलेली दिसली. आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याच जागेचं छेद-चित्र थोड्या वेळाने पुन्हा घ्यायला लावलं. फुगवटा नाहीसा! ती गाठ नव्हती. भिंतीचा तेवढाच भाग आवळून सैल झाला होता.

पोट घट्ट होण्याच्या या 'खोट्या कळां'चं वर्णन इंग्लंडच्या डॉ. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये केलं. आज त्या मोजताही येतात. एक छेद सेकंदाभरात टिपला जातो. तोच छेद काही मिनिटं पुन्हापुन्हा टिपायचा, दर चित्रात भिंतीची कड आखायची आणि जाडी कुठे, किती बदलली ते पाहायचं. आईचा श्वास काही सेकंदांच्या लयीत चालतो, बाळाची लाथ क्षणात संपते. आवळणं मात्र सावकाश चढतं, सावकाश उतरतं. या फरकावरून संगणकाच्या मदतीने तिन्ही हालचाली वेगळ्या काढता येतात.

२०२० मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयमधूनच दाखवलं की कधीकधी फक्त वार आणि तिच्यामागची भिंत आवळते, बाकी पिशवी स्वस्थ असते. त्या वेळी वारेतलं रक्त बाहेर ढकललं जातं. ज्या हालचालीला आम्ही चित्र बिघडवणारी म्हणत होतो, ती वारेच्या रक्तप्रवाहाबद्दल सांगत होती.

निघताना त्या बाईने घाबरत विचारलं, 'मी हलले म्हणून पुन्हा काढलं का?'

'तुम्ही नाही हललात अक्का,' मी म्हटलं, 'पिशवी हलली. ती हलताना दिसली, म्हणूनच त्या जागेची शंका फिटली.'