पहिले तीन महिने

लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की वाळवा तालुक्यात अजूनही आधी सुनेला दवाखान्यात नेतात. नवरा बाहेर गाडीवर बसून असतो. खरं तर पहिली तपासणी त्याची हवी. वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची असते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना दिला की झालं. जवळपास निम्म्या जोडप्यांच्या अडचणीत पुरुषाचाही वाटा असतो.

शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणून आज गुटखा, तंबाखू, दारू सुटली तर फरक तीन महिन्यांनी दिसतो. उपचाराची तारीख त्या हिशेबाने धरावी. बायकांची मशेरीही तंबाखूच, हे घरात कुणी बोलत नाही. याच काळात थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, वजन आटोक्यात आणावं आणि डॉक्टरांना विचारून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावं.

मात्र थांबायचं किती, हे बाईच्या वयावर ठरतं. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून डॉक्टर गाठावा. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. ‘ऊस गेल्यावर बघू’ म्हणत दोन हंगाम काढले, तर गेलेली स्त्रीबीजं कुठलंही औषध परत आणत नाही. एएमएच तपासणीतून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

गर्भनलिकाही तपासाव्यात. आपल्याकडे क्षयरोगाने त्या बंद पडतात. नलिकेत पाणी साठलं असेल तर आयव्हीएफआधी (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याआधी) ती काढल्याने किंवा बंद केल्याने यशाची शक्यता वाढते. प्रत्येकाला आयव्हीएफ लागतंच असं नाही. पीसीओएसमध्ये अनेकींना गोळ्यांनीच गुण येतो.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 1986 साली हर्षा ही टेस्टट्यूब बेबी जन्मली, तेव्हा हे नवल होतं. आता आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या जागोजागी दिसतात. 2021 च्या कायद्याने अशा केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, ती पाहावी. ‘यश किती टक्के?’ एवढंच विचारू नये. माझ्या वयाच्या किती जणींच्या हाती मूल आलं, हे विचारावं. जुळ्यांच्या हौसेने दोन गर्भ गर्भाशयात सोडायला लावू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

गर्भ सोडल्यावर अंथरुणाला खिळून राहण्याने काही फायदा होत नाही. हलकी कामं चालतात. प्रोजेस्टेरॉन मात्र मनाने बंद करू नये, आणि सुमारे दोन आठवड्यांनी रक्ततपासणी झाल्याखेरीज निकाल धरू नये.